लग्नाची कॅसेट आणि केमचा मामा

नवरा निवृत्त झाला की घराचं काय होतं, हे मैत्रिणींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. एकीचा नवरा डबे उघडून डाळीला कीड लागली का बघत फिरतो. दुसरीचा घासाघीस करायला म्हणून स्वतः मंडईत जातो आणि सगळ्यात महाग भाजी घेऊन येतो. मी मनाची तयारी करूनच बसले होते. पण आमचे नवरोबा कचेरीतून शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट माळ्यावर चढले. उतरले ते व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं घेऊन. केसांत जळमटं, नाकावर धूळ आणि चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचा भाव. म्हणाले, हे सगळं आता कॉम्प्युटरवर घ्यायचं.

मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, ठेवा आहे आपला. ठेवा म्हणजे काय, तर पाच कॅसेटी. एक लेकीच्या बारशाची, दोन तिच्या शाळेच्या गॅदरिंगच्या. एक ह्यांच्या ऑफिसच्या सहलीची, तिच्यात अर्धा तास नुसती बसची खिडकी दिसते. आणि एक कुणाच्या तरी मुंजीची. तो मुलगा कोण, त्याचे आईबाप कोण, ती कॅसेट आमच्या माळ्यावर कशी आली, हे आजवर कुणाला माहीत नाही. आता त्या बटूची पोरंसुद्धा कॉलेजात असतील.

आमच्या लग्नाची कॅसेट मात्र त्या खोक्यात नव्हती. ती आईच्या कपाटात होती. ती तिथं का होती हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

बाबा गेल्यापासून आई सोलापूरला आमच्याकडेच असते. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती केमची. करमाळा तालुक्यातलं केम, तिथं रेल्वे थांबते म्हणून बाकीच्या गावांपुढं थोडं तोऱ्यात असलेलं. तिथं तिचा एकुलता एक भाऊ आहे, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. प्राथमिक शाळेत मास्तर होता, शेतीही बघायचा. सुट्टीत मी केमला गेले की मामा सायकल घेऊन स्टेशनवर उभा असायचा. मला पुढच्या दांडीवर बसवून घरापर्यंत पाढे म्हणून घ्यायचा. चुकलं की सायकल थांबायची आणि बरोबर आलं की पुन्हा चालू व्हायची. मी पुढं गणिताची शिक्षिका झाले ती त्या दांडीवर. माझा फार जीव होता त्याच्यावर आणि आहे.

आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं. तिच्या हाताला धरून आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. हा मामाचा मान. माझ्या लग्नात मला आणलं ते आईच्या चुलतभावानं. माझा सख्खा मामा त्याच कार्यालयात होता, चांगला धडधाकट होता, पण बोहल्याजवळ आला नाही. का आला नाही यावर तीस वर्षं वाद आहे. आई म्हणते, मी स्वतः त्याच्याजवळ गेले, बोलावलं, पण हा फुगून बसला. तिनं हे त्याच दिवशी, विहिणीसकट चारचौघांसमोर सांगितलं. मामा म्हणतो, मला कुणी बोलावलं न्हाय. एवढंच, याच्या पुढं एक शब्द नाही. त्या दिवशी तो न जेवता केमला गेला आणि त्यानंतर आमच्या घरी एकाही भाऊबीजेला आला नाही. बाबा गेले तेव्हा आला, अंगणात उभा राहिला, पाण्याच्या तांब्याला हात न लावता परत गेला.

मध्ये एकदा मी शहाणपणा करायला केमला गेले होते. बरं, शिक्षिकेला दुसऱ्यांची भांडणं सोडवायची सवयच असते. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या आईनं बोलावल्यालं कॅसेटीत दाव. दिसलं तर केमहून सोलापूरला चालत येतो. मी मूर्खासारखं ते घरी येऊन आईला सांगितलं. आईनं कॅसेट ताब्यात घेतली, सोलापुरी टॉवेलात गुंडाळली आणि कपाटात साड्यांच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवून दिली.

तेव्हाच का नाही बघितली, असं कुणीही विचारेल. एक तर तोवर शेजाऱ्यांनी त्यांचा व्हीसीआर विकून टाकला होता. दुसरं म्हणजे आईला बघायची गरजच वाटत नव्हती. मी गेले होते हे मला माहीत आहे, त्यात बघायचं काय? कॅसेट नवी असताना सगळ्यांनी मिळून एकदाच बघितली होती, पंचवीस माणसं एका खोलीत बसून, पण प्रत्येक जण फक्त आपलं तोंड शोधत होता. मामा कुठं आहे हे बघायला कुणाला सवड होती?

तर नवरोबांचा कारखाना सुरू झाला आणि आईनं तीन दिवस खुर्चीत बसून नुसतं बघितलं. चौथ्या दिवशी ती उठली, कपाट उघडलं आणि टॉवेलासकट कॅसेट ह्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, जावईबापू, आधी ही करा. भाऊबीजेच्या आत झाली पाहिजे. मी म्हटलं, एवढी काय घाई? तर माझ्याकडे न बघता म्हणाली, तो अठ्ठ्याहत्तरचा आणि मी ब्याऐंशीची, घाई नाही तर काय? दिवाळीला तेव्हा तीन आठवडे होते.

इथून पुढं आमच्या घरात विज्ञानयुग अवतरलं. आधी व्हीसीआर. नवरोबांनी अख्खं सोलापूर पालथं घातलं आणि शेवटी एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडं तो मिळाला. चाचांनी कॅसेटीची झडप उघडून आत बघितलं, तर टेपेच्या कडेला पांढरी बुरशी. डांबराच्या गोळ्या साड्यांना राखतात, कॅसेटीला नाही. चाचांनी दोन दिवस घेऊन, हातानं एकेक वेढा फिरवत, मऊ फडक्यानं ती साफ केली आणि परत देताना म्हणाले, "एक बार चलेगी, मॅडम. दूसरी बार का अल्ला मालिक."

हे ऐकल्यापासून घरात परीक्षेच्या हॉलसारखी शांतता. एक छोटी डबी, तिला एका बाजूनं पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी आणि दुसऱ्या बाजूनं कॉम्प्युटर. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ लागणार, तीन तासांची असेल तर तीन तास. मध्ये वीज कमी-जास्त व्हायला नको म्हणून मिक्सर बंद, त्यामुळे शेंगाचटणी बंद. पंख्यानं चित्रात रेघा येतात म्हणून पंखा बंद. आणि दिवस ऑक्टोबरचे, सोलापूरचे. मी म्हटलं, लग्नात जेवढा घाम आला नव्हता तेवढा लग्न बघायच्या आधीच आला.

सुदैवानं नवरोबांनी सराव म्हणून आधी ती अनोळखी मुंज लावली. तीन तास आम्ही घामाघूम होऊन बसलो. संपल्यावर फाईल उघडली तर तीन तास नुसता निळा पडदा. पिवळी वायर लाल भोकात. मी फक्त म्हटलं, आकाश छान आलंय. त्यावर हे संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लागलं.

आमच्या पिढीतल्या लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी बघितल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. व्हिडिओवाल्यानं स्टुडिओत बसून त्यात आपली सगळी कला ओतलेली असते. माझा चेहरा आधी बदामात आला, मग गुलाबाच्या फुलात, मग एका फिरत्या चौकोनात. नवरोबा एका कमळातून हळूहळू वर आले. तीस वर्षांपूर्वीचे, भरगच्च मिशीचे, घाबरलेले. मी म्हटलं, लक्ष्मी शोभून दिसतीय. आणि खरा आवाज पुसून सगळ्या लग्नावर सिनेमातली गाणी चढवलेली. हळदीच्या वेळी विरहाचं गाणं, जेवणाच्या पंगतीवर पाळणागीत. आई तोंडात पदर धरून बसली होती. तिचं लक्ष ह्या कशातच नव्हतं.

मग ते आलं. व्हिडिओवाला अक्षतांच्या तबकामागं कॅमेरा घेऊन फिरत कार्यालयाच्या मागच्या बोळात गेला होता. बोळाच्या टोकाला सामानाची खोली, दागिने आणि आहेर ठेवलेली. तिच्या दाराला कुलूप, दारासमोर लोखंडी घडीची खुर्ची आणि खुर्चीवर मामा. नवा फेटा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर दोन्ही हात. तेवढ्यात लगबगीनं आई आली. बावन्न वर्षांची, शालूचा पदर खोचलेली. तिनं तबकातल्या अक्षता मुठीनं उचलून मामाच्या ओंजळीत ठेवल्या, त्याला काहीतरी म्हणाली, तो काहीतरी म्हणाला, ती पुन्हा काहीतरी म्हणाली आणि वळून पळाली.

"बघ," आई म्हणाली. "गेले होते का नाही? बोलतीय का नाही मी?"

बोलत होती. पण काय बोलत होती? पडद्यावर आईचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता पावसात भिजणाऱ्या कुठल्याशा नायिकेचा. मामा खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखा झाला, आई गेली त्या दिशेनं बघितलं आणि परत बसला. मग चित्र बोहल्यावर गेलं आणि मी आले. शेजारी चुलतमामा.

आता एक गोष्ट मी सांगून टाकते, कारण ती मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. खोलीतून बाहेर पडताना माझा हात कुणीतरी धरला तेव्हा मी मान खाली घालून होते, तरीही तो मामाचा हात नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. मी विचारू शकले असते. मी थांबू शकले असते. नवरीनं बोलायचं नसतं म्हणून गप्प बसले आणि पुढं आयुष्यभर हे भांडण आई आणि मामाचं आहे असं समजत राहिले. पडद्यावर मी एकदाही मान वर करून मामा कुठाय म्हणून बघितलं नाही. मला माझीच लाज वाटली.

मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा बोहल्यावरून गर्दीवर फिरला. गर्दीच्या पार मागं, बोळाच्या आत, मामा खुर्चीजवळ उभा होता. लोकांनी अक्षता टाकल्या की तोही टाकायचा. तीस-चाळीस हातांवरून त्या कुठल्या पोचतायत! त्याच्यापुढं चार पावलांवर फरशीवर पडत होत्या. तरी प्रत्येक वेळी नेम धरून टाकत होता.

"हट्टी आहे तो," आई म्हणाली. "बोलावलं तरी तिथनंच टाकतोय." पण आवाजात मघाची धार नव्हती. थोड्या वेळानं तिनं फर्मावलं, तेवढा तुकडा काढा आणि पाठवा त्याला. बघू दे कॅसेटीत.

नवरोबांनी तीस-पस्तीस वर्षं फायली हाताळल्या आहेत. अपुऱ्या कागदपत्रांवर सही करणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणाले, आई, चित्र आहे पण आवाज नाही. ते म्हणतील, अक्कानं बोलावलं कशावरून? माझी तब्येत विचारली असेल. त्यामुळे गाणं थोडं पुसट करून मागचं काही ऐकू येतं का ते बघायला हे पुन्हा यंत्राला भिडले. कॅसेट दुसऱ्यांदा लावायची म्हणजे जोखीमच. आईनं परवानगी दिली. म्हणाली, तुटली तर तुटली.

पुढं जे झालं ते ह्यांच्या हुशारीनं झालं असं हे सगळ्यांना सांगतात. मी तिथं होते. हे चष्मा शोधत होते आणि अंदाजानं व्हीसीआरचं एक बटण दाबलं गेलं, एवढीच हुशारी. गाणं खाडकन बंद झालं आणि त्याच्या जागी भांडी आपटल्याचा आवाज आला. मग पोरं रडली. मग एक बाई म्हणाली, साखर संपली की. आम्ही तिघं एकमेकांकडं बघत राहिलो. ते खरं लग्न होतं.

नंतर चाचांनी समजावून सांगितलं. ह्या कॅसेटीवर आवाजाच्या दोन वाटा असतात. व्हिडिओवाल्यानं गाणी एका वाटेवर चढवली आणि दुसऱ्या वाटेवरचा मूळ आवाज पुसायचं एक तर त्याला जमलं नाही किंवा त्यानं कंटाळा केला. इतकी वर्षं ती गाणी वर आणि आमची माणसं खाली.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं लग्न घेतलं, ह्या वेळी बोलतं. काय काय ऐकू आलं म्हणून सांगू! भटजी सुपारीसाठी कावलेले. सासूबाई कॉफी गार आहे म्हणून तिघांना सांगतायत. आणि एक अगदी स्वच्छ बायकी आवाज: नवरा जरा बुटकाच की. नवरोबांनी तो आवाज कुणाचा हे ओळखण्यासाठी तेवढा भाग चार वेळा लावला. अजून तपास चालू आहे. मी खूप हसले. आई हसली नाही. ती खुर्ची ओढून पडद्याच्या इतक्या जवळ बसली होती की तिच्या चष्म्यात सगळं लग्न दिसत होतं.

बोळ आला. तबक आलं. मामा खुर्चीवर. पडद्यातली आई त्याच्या ओंजळीत अक्षता ठेवत म्हणाली, आणि ते इतकं स्पष्ट की शेजारच्या खोलीतूनही ऐकू आलं असतं, "अक्षता हितनंच टाक. खोली सोडू नको. मी सांगितल्याशिवाय उठायचं न्हाय."

मामाचा आवाज आला, "आणि पोरीला कोण आणणार?"

"बघते मी," आई म्हणाली आणि पळाली.

त्या मोसमात दोन-तीन कार्यालयांतून दागिन्यांच्या पेट्या चोरीला गेल्या होत्या. आईला खोलीपुढं विश्वासाचा माणूस हवा होता आणि तिचा विश्वास जगात एकाच माणसावर होता. म्हणून तिनं त्याला तिथं बसवलं. मग लाउडस्पीकरवर भटजींचा आवाज आला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, मुहूर्त जवळ आला. पडद्यावर मामा अर्धवट उठला, आई गेली तिकडं बघितलं. आई आली नाही. तो परत बसला.

आई खोटं बोलत होती असं मला अजूनही वाटत नाही. मी त्याच्याजवळ गेले होते, एवढं तिच्या लक्षात राहिलं. काय बोलले, ते गेलं. मुलीचं लग्न, हजार माणसं, वरून विहीणबाईंची कॉफी. आणि कुणीतरी भर मांडवात विचारलं, मुलीचे मामा का नाही आले, तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं त्यावर ती तीस वर्षं उभी होती.

खोलीत पंखा बंद. मग नवरोबा, ह्या माणसाला मी दिवसभर टोचून बोलते पण मनानं फार मऊ आहेत, हळूच म्हणाले, आई, हे कुणाला ऐकवायची गरज नाही. गाण्याचा तुकडा आहे ना आपल्याकडं. चित्रात तुम्ही त्यांच्याजवळ जाताना दिसता. तोच पाठवू. कुणाला कळणार नाही. मला मनातून वाटलं, पाठवा. तो येईल तरी. पुरावा नसला तरी चालेल पण भाऊ दारात येऊ दे तिच्या.

"त्याला कळंल की," आई म्हणाली. "तो तितंच हुता."

सोलापुरात साठ वर्षं काढून तिनं कमावलेली शहरी भाषा अशा वेळी गळून पडते. मला म्हणाली, फोन लाव.

मी लावला. आईला कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून मामा आधी माझीच चौकशी करायला लागला, तर आईनं त्याला मध्येच थांबवलं. तिनं प्रस्तावना केली नाही, रडली नाही. पोराला निकाल वाचून दाखवावा तशी म्हणाली, "कॅसेटीत ऐकलं मी. मीच तुला बसवलं हुतं. परत बोलवायला आले न्हाय आणि वर चारचौघांत तुझ्या नावानं बोलले. चुकलं माझं."

पलीकडं कोंबडा ओरडला.

"तीस वरसं लागली व्हय, अक्का?" मामा म्हणाला.

आईनं विचारलं, मग भाऊबीजेला येतोस का? तर मामा म्हणाला, कॅसेटीत बोलावल्यालं दिसलं तर येतो असं म्हणालो हुतो. दिसलं का? आई म्हणाली, न्हाय. मामा म्हणाला, मग कसं येऊ सांग की. आणि फोन ठेवून दिला.

तो थट्टा करत होता का खरंच राग होता, हे मला कळेना. मी जरा चिडलेच. म्हटलं, एवढं ब्याऐंशी वर्षांच्या बाईनं चूक कबूल केली, आता तरी ताणू नये माणसानं. तर आईनं मलाच गप्प केलं. म्हणाली, बरोबर हाय त्याचं. त्याला मी कुटं बोलावलं अजून? फोनवर बोलावलेलं तिच्या हिशोबी धरलं जात नव्हतं. दोन्ही भावंडं एकाच मातीची, दुसरं काय म्हणणार.

भाऊबीजेला भावानं बहिणीकडं जायचं असतं. आमच्याकडं त्या दिवशी बहीण निघाली. आईनं निरांजन, सुपारी, अक्षता, करंज्यांचा डबा असं सगळं मांडीवर घेतलं आणि गाडीत पुढं बसली, कारण मागं बसलं की मळमळतं. नवरोबा गाडी चालवत होते. सासू शेजारून आणि बायको मागून सूचना देतायत म्हटल्यावर त्यांनी त्या दिवशी गाडी बैलगाडीच्या वेगानं नेली. केमच्या अलीकडं आई एकदम म्हणाली, त्यानं दार लावून घेतलं तर? मी म्हटलं, तर मागच्या दारानं जाऊ. पण मलाही तीच भीती वाटत होती.

दार उघडं होतं. दारापुढं अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मामा बसला होता. फेटा बांधलेला, मांडीवर दोन्ही हात. मामी आतून डोकावली आणि हसू दाबत पुन्हा आत गेली. गाडी थांबली, आम्ही उतरलो, मी हाक मारली. मामा आमच्याकडं बघत होता पण हलला नाही. या म्हणाला नाही, मान हलवली नाही. आईला गाडीतून उतरायलाच दोन मिनिटं लागली. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला, करंज्यांचा डबा माझ्याकडं दिला आणि काठी टेकत एकटी अंगणातून चालत गेली. त्याच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. तिला दम लागला होता. तो खालून तिच्या तोंडाकडं बघत होता. खरं सांगते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा दिसत होता, ज्याला जा म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नसतं.

आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ आता," ती म्हणाली. "खोलीकडं मी बघते."

मामा उठला. खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देत, कण्हत, पण उठला. आई वाकून त्याच खुर्चीत बसली. मग तो अंगणातून माझ्याकडं आला, माझ्या हातातला डबा काढून नवरोबांकडं दिला आणि माझा हात धरून मला घरात घेऊन गेला.